फुकटचं पोकर

फुकटात पोकर खेळणाऱ्या लोकांइतकी कमअस्सल जमात मी दुसरी पाहिलेली नाही. आहेराचं रिकामं पाकीट देऊन दोनदा पंगतीला बसणारे मी पाहिले आहेत. रायपुरात आमच्या मंत्रालयाच्या स्टाफ-बसमध्ये दुसऱ्याने विकत घेतलेल्या पेपरचं खेळाचं पान आधी आपल्याकडे ओढणारे तर रोजच पाहतो. पण त्यांना निदान जेवायचं असतं, वाचायचं असतं. फुकट पोकरवाल्याला काहीच नको असतं. तो तुमच्या दोन तासांच्या मेहनतीचं वाटोळं करतो आणि आपण काय केलं हे त्याच्या गावीही नसतं.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते. टेबलाच्या मधोमध हळूहळू पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याचे पाच पत्ते सगळ्यांत भारी, तो जिंकला. मध्ये मध्ये चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी चकत्या, लावायच्या. पत्ता पटला तर पुढे जायचं, नाही पटला तर फेकायचा. खरी अक्कल या फेकण्यात आहे. समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि वेळ आली की हातातला चांगला पत्तासुद्धा मन मारून टाकून द्यायचा. हे ज्याला जमतं तो खेळाडू, बाकी सगळे नुसते चिप्स उधळणारे.

हाच खेळ फोनवर फुकट ठेवला की काय होतं ते मी दोन वर्षं भोगलं आहे. संध्याकाळच्या स्पर्धेला तीन-चार हजार माणसं नाव नोंदवतात. पहिले पत्ते वाटले जातात आणि अर्धं टेबल ‘ऑल-इन’ करतं, म्हणजे जवळ असतील नसतील त्या सगळ्या चिप्स एकदम मध्ये ढकलतं. पत्ते न बघता! हरलं तर बापाचं काय जातं? तुम्ही मात्र हातात राजांची जोडी घेऊन शास्त्राप्रमाणे पुढे जाता आणि ‘बिलासपुर का डॉन’ असं नाव घेतलेला कुणी गाढव सत्ती-दुर्री दाखवून तुम्हाला बाहेर काढतो. वर चॅटमध्ये हसणारं तोंड पाठवतो. त्या तोंडावर मी किती वेळा चप्पल मारली असेल, मनातल्या मनात.

यातून वाचलात तर पुढे आणखी प्रकार आहेत. तुम्ही तासभर दात-ओठ खाऊन चिप्स टिकवल्यावर उशिरा येणाऱ्यांना दार उघडं ठेवतात, आणि तो सावकाश जेवून आलेला माणूस तुमच्याइतक्याच चिप्स घेऊन तुमच्या शेजारी बसतो. बक्षीस काय, तर दुसऱ्या फुकट स्पर्धेचं तिकीट. तिथे पहिले आलात तर तिसऱ्या स्पर्धेचं. आणि बाहेर पडताना ॲप म्हणतं, ‘अभिनंदन! आपण आठशे बारावे आलात.’ आठशे बारावा आलेल्या माणसाचं अभिनंदन करायला किती निगरगट्ट असावं लागतं!

मंत्रालय नव्या रायपुरात गेल्यापासून माझ्या हालात भर पडली. तिथले रस्ते एवढे रुंद आहेत की एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूचा ओळखू येऊ नये, आणि या सगळ्या रुंदीत माणसं कमी, बसलेल्या गाईच जास्त. संध्याकाळची स्पर्धा नेमकी स्टाफ-बस सुटायच्या वेळी सुरू होई. बस मोकळ्या माळावर आली की फोनचं नेटवर्क जाई. मी नसताना माझ्या चिप्स ॲप आपोआप कापत बसे, आणि शहराच्या तोंडाशी, तेलीबांध्याला, नेटवर्क परत येईपर्यंत मी भिकारी झालेलो असे. म्हणून मी ऑफिसच्या वायफायवर खेळायला मागे थांबू लागलो. बस निघून जाई. मग त्या राजेशाही रस्त्यावर हात दाखवत उभं राहायचं. शेजारच्या टेबलावरच्या शामरावांना वाटे मी फाइली उरकतोय. त्यांनी साहेबांपुढे माझी तारीफसुद्धा केली. आमच्या विभागात काम कुणाला म्हणतात याची एकूण समज एवढीच.

तुम्ही म्हणाल, एवढा राग येतो तर पैसे भरून का नाही खेळत? कारण मी सरकारी नोकर आहे आणि पैसे लावले की तो जुगार होतो. शिवाय मला पैसे नकोच होते. छत्तीसगड हे नवं राज्य झालं तेव्हा मी ऐन पंचविशीत होतो. पदंच पदं निघाली. माझ्याकडून गाइड मागून नेणारी पोरं डेप्युटी कलेक्टर झाली आणि मी मुलाखतीत अडकून बाबू झालो, कारण मुलाखत घेणाऱ्यांना ‘हव साहेब’, म्हणजे ‘हो साहेब’, म्हणणारा माणूस हवा होता. आपल्याला डोकं आहे हे कुठेतरी, कधीतरी, चार लोकांसमोर सिद्ध व्हावं, एवढंच मला पाहिजे होतं.

माझी बायको पूर्णिमा हिला हे पटत नसे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे समोरच्याचं डोकं किती आहे याबद्दल तिची मतं आधीच ठरलेली असतात.

“फुकटचं आहे म्हणता, सगळे मूर्ख आहेत म्हणता,” ती एकदा म्हणाली, “मंग त्या मूर्खायसंगं तुमी काहून बसता रोज?”

“एक दिवस सगळ्यांच्या वर जायला.”

“मूर्खायच्या वर?”

बायकांना खेळातलं कळत नाही असं मी म्हणत नाही, पण पूर्णिमाला कळत नाही.

रविवारच्या मोठ्या स्पर्धेला पासवर्ड लागे, आणि तो मिळवायला पाच ओळखीच्या माणसांच्या फोनमध्ये ॲप टाकून द्यावं लागे. चार मी ऑफिसात गाठले. पाचवा मिळेना तेव्हा नाइलाजाने मी विनायकरावांचा फोन मागितला.

विनायकराव माझे साडू, पूर्णिमाच्या धाकट्या बहिणीचे, रूपालीचे यजमान. अभनपुरात त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. भोसल्यांच्या फौजेबरोबर त्यांचं घराणं छत्तीसगडात आलं याचा त्यांना भारी अभिमान. तेव्हापासून आजपर्यंत त्या घराण्यात कुणी पुस्तक उघडल्याचा पुरावा नाही. माणूस जाडा, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. सासऱ्यांचा, अनंतरावांचा, हाच लाडका जावई, कारण हा त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या रेल्वेतल्या त्याच त्या गोष्टी दर वेळी नव्याने ऐकतो. मी एकदा गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकला होता, तेव्हापासून सासरेबुवा मला तब्येतीखेरीज काही विचारत नाहीत.

“हे काय टाकून राहिले यशोधनराव?” विनायकरावांनी विचारलं.

“पत्त्यांचा गेम आहे. तुम्ही नुसता राहू द्या फोनमध्ये. खेळायची गरज नाही, जरा डोक्याचा आहे.”

“डोक्याचा आहे तर मले कशाले येते बाप्पा!” म्हणून ते खदखदून हसले. मीही हसलो. माझं म्हणणं त्यांना पहिल्यांदाच नीट समजलं होतं.

त्यानंतर वर्षभराने ॲपच्या कंपनीला जाहिरातीची हुक्की आली. छत्तीसगडातल्या फुकट खेळणाऱ्यांतून साठ जण निवडून रायपुरातल्या एका हॉटेलात एका रविवारी समोरासमोर बसवायचे, खऱ्या पत्त्यांनी खेळवायचं, आणि पहिला येईल त्याला गोव्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा द्यायची. शिवाय समुद्रावरच्या हॉटेलात दोघांसाठी खोली. दोन वर्षं साठवलेल्या गुणांवर माझा नंबर लागला. मेल आला तेव्हा मी तो तीनदा वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन पूर्णिमाला दाखवला.

तिने कणकेचे हात धुतले, पुसले, फोन घेतला. “दोघांसाठी?” एवढंच विचारलं.

याला कारण आहे. पूर्णिमाने समुद्र पाहिलेला नव्हता. सगळं रायपूर उठून पुरीला जाऊन येतं, पण आमचं पुरीचं रिझर्व्हेशन दोनदा रद्द झालं; एकदा माझ्या विभागीय परीक्षेमुळे आणि एकदा, खरं सांगायचं तर, रविवारच्या स्पर्धेमुळे. आमच्या गावात तलावाच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. तिथे भुट्टा खाताना ती एकदा म्हणाली होती, खरा समुद्र पाहाले मिळाला असता तर याले तरी तलाव म्हणता आलं असतं.

त्या दिवसापासून ती बदलली. रविवारी मला चहा जागेवर मिळू लागला. तिने शाळेत रजेबद्दल विचारून ठेवलं, रूपालीला फोन करून गोव्यात काय नेसतात याची चौकशी केली. पण अटही घातली.

“जिंकले तर जाऊ. हरले तर ते फोनातून काढाचं. कायमचं.”

“हरायचा प्रश्न नाही. समोर माणूस बसला की मी त्याला वाचतो.”

“काढाचं. बोला, हव म्हणा.”

“हव,” मी म्हणालो.

चार दिवसांनी रूपालीचा फोन आला. विनायकरावांनाही हॉटेलातल्या स्पर्धेचा पास आला होता! मी आधी चेष्टा समजलो. मग कळलं की दुकानात युरिया तोलता तोलता या गृहस्थांनी रविवारी ते ॲप उघडलं, एका हाताने ‘ऑल-इन’चं लाल बटण दाबत राहिले, आणि साडेतीन हजार माणसांत पहिले आले. पहिल्याला थेट पास होता. मी दोन वर्षं, ते एक दुपार! मी त्या दिवशी जेवलो नाही. पूर्णिमाला वाटलं, मला ॲसिडिटी झाली.

“मले काय समजते त्याच्यातलं,” विनायकराव फोनवर म्हणाले, “पण जेवण आहे म्हणे हॉटेलात. तुमाले घ्यायले येतो गाडी घेऊन. दोघंही तयार राहा.”

रविवारी सकाळी त्यांनी पुरानी बस्तीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि हॉर्न वाजवून अख्खा पारा, सगळा मोहल्ला, गोळा केला. हॉटेलच्या हॉलमध्ये साठ माणसं होती. मी दोन वर्षं ज्यांना शिव्या दिल्या ती ही माणसं. ‘बिलासपुर का डॉन’ एका दवाखान्यात कंपाउंडर निघाला, खांदे पाडून बसलेला. मला त्यांच्याकडे बघून समाधान वाटलं, कारण माझा अंदाज कुठेही चुकलेला नव्हता. काळं जॅकेट घातलेला निवेदक ओरडत होता, “रायपुर वालों, आवाज नहीं आ रही!” आणि लोक आवाज देत होते. पाहुण्यांसाठी भिंतीकडेला खुर्च्या होत्या. पूर्णिमा तिथे नवी साडी नेसून बसली.

खेळ सुरू झाला आणि एक गोष्ट माझ्या बाजूने झाली. तोंड दिसत असलं की माणसाला थोडी लाज वाटते. फोनवर बेधडक ऑल-इन करणारे इथे चिप्स हातात धरून घुटमळत होते. मी त्यांना एकेक करून सोललं. एकाचा पाय हलायचा, एक चांगले पत्ते आले की पाणी प्यायचा, डॉन तर जोडी लागली की सरळ हसायचाच. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा माझ्यासमोर चिप्सचे मनोरे होते. पूर्णिमा ताट घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “चांगलं चाललं आहे नं?” तिचा आवाज मी असा फार वर्षांत ऐकला नव्हता. मी म्हणालो, बॅग भर.

विनायकराव दुसऱ्या टेबलावर होते. दर थोड्या वेळाने तिकडून त्यांचं हसणं ऐकू येई. कुणाला तरी बाहेर काढलं की ते उठून त्याच्याशी हात मिळवत, गाव विचारत, आणि गावात ओळखीचं कुणी निघालं की मग डाव खोळंबून राही. हा माणूस नशिबावर चाललेला आहे, संपेल, असं मी धरून चाललो. तो संपला नाही. दुपारच्या चहानंतर शेवटचं टेबल बसलं, माणसं गळत गेली, आणि अखेर निवेदकाने माइकवर जाहीर केलं, “अब बचे हैं दो! और सुनिए, दोनों साढ़ू भाई हैं!” हॉलमध्ये हशा पिकला. चिप्स जवळजवळ सारख्या होत्या, माझ्या किंचित जास्त.

विनायकरावांनी खुर्ची पुढे ओढली. “आता काय, घरातच आहे,” ते म्हणाले. मला त्या वाक्याचाही राग आला. घरातच कसं असेल? मी भिंतीकडे पाहिलं. पूर्णिमा खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली होती.

दहा-पंधरा डाव इकडेतिकडे झाले. मग तो डाव आला. माझ्या हातात बदामचा राजा आणि बदामची चव्वी. पत्ते वाटणाऱ्या मुलीने मध्ये तीन उघडले: बदाम सत्ती, बदाम नश्शी, किलवर अठ्ठी. म्हणजे आणखी एक बदाम पडलं की माझे पाच बदाम, माझा कलर. विनायकरावांनी बऱ्याच चिप्स पुढे सारल्या. मी पुढे गेलो. चौथा पत्ता उघडला, बदाम अठ्ठी. माझा कलर झाला! चेहऱ्यावरची सुरकुती मी हलू दिली नाही. पाचवा पत्ता चौकट दुर्री, कुणाच्याच कामाचा नाही.

आणि विनायकरावांनी दोन्ही हातांनी सगळ्या चिप्स मध्ये ढकलल्या. “ऑल-इन,” ते म्हणाले. ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले.

आता माझं काम होतं त्यांना वाचायचं, आणि या माणसाला मी सोळा वर्षं वाचतो आहे. खोटं बोलताना विनायकराव मान खाजवतात. सासऱ्यांना ‘ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकतो’ म्हणताना खाजवतात, रूपालीला ‘बाहेर काही खाल्लं नाही’ म्हणताना खाजवतात. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात टेबलावर स्वस्थ होते. डोळे माझ्याकडे, आणि त्यात प्रेमळपणाच होता म्हणा ना. टेबलावर तीन बदामं धडधडीत दिसत होती. समोरच्याकडे कलर असेल ही भीती कुठल्याही माणसाला वाटली असती. तिसरं बदाम पडलं तेव्हाही यांची पापणी हलली नव्हती. म्हणजे कलरची त्यांना पर्वा नव्हती. कलरची पर्वा कुणाला नसते? ज्याच्याकडे कलरहून मोठं काही आहे त्याला. मध्ये दोन अठ्ठ्या पडलेल्या होत्या. यांच्या हातात एक अठ्ठी आणि एक नश्शी असली तर तीन अठ्ठ्या, दोन नश्श्या, म्हणजे फुल हाउस. कलर त्यापुढे काहीच नाही.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. या माणसाला खात्री होती. खरीखुरी, नितळ खात्री. माझी नोकरी लावून सांगतो, ते सोंग नव्हतं.

पत्ते फेकले तरी माझ्याकडे लढण्याइतक्या चिप्स उरत होत्या. मोठा खेळाडू इथेच ओळखू येतो, असं मी स्वतःला सांगितलं, आणि राजा-चव्वी दोन्ही उलटे करून पुढे सरकवले. “फेकले,” मी म्हणालो. मला स्वतःचा अभिमान वाटला हेही सांगून टाकतो.

आमच्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळताना जिंकलेला माणूस आपले पत्ते थाप मारून सगळ्यांना दाखवतो. पोकरमध्ये तसं करायचं नसतं, पण विनायकरावांना ते कोण सांगणार? त्यांनी दिवाळीसारखी थाप मारली. किलवर दश्शी आणि इस्पिक गुलाम.

“सत्ती, अठ्ठी, नश्शी, दश्शी, गुलाम! सिक्वेन्स!” ते म्हणाले. “तुमच्यापाशी कलर होता यशोधनराव, मले मालूम होतं. बदाम पडलं तशे तुमी एकदम गुमसुम झाले. म्हटलं, असू दे कलर, आपल्यापाशी तर सिक्वेन्स आहे!”

मला आधी काही समजलंच नाही. पत्ते वाटणारी मुलगी तोंडावर हात ठेवून म्हणाली, “सर, पोकर में कलर बड़ा होता है, सिक्वेन्स छोटा।”

“हव का?” विनायकराव म्हणाले. “तीन पत्तीत तर सिक्वेन्स मोठी राहते!”

राहतेच. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरवर जाते, शेंबडं पोरही सांगेल. पोकरमध्ये बरोबर उलट. या गृहस्थांना हे आजवर कळलं नव्हतं, कारण फोनवर कोण जिंकलं ते ॲपच ठरवून टाकतं, आणि ते ॲप उघडताना यांचं लक्ष तराजूकडे असतं. सगळा हॉल हसत होता. डॉन हसत होता. कंपाउंडरने माझ्यावर हसावं!

पुढचे पत्ते वाटले गेले. मी ते उचललेसुद्धा नाहीत. दोन वर्षं ज्या लोकांच्या नावाने मी बोटं मोडली, त्यांच्यासारखंच, न बघता, सगळ्या चिप्स मध्ये लोटल्या. का ते विचारू नका, मला तो हॉल लवकरात लवकर संपवायचा होता. विनायकरावांनी घाबरत घाबरत विचारलं, “मी येऊ का?” आणि राणींची जोडी दाखवली. माझे पत्ते उलटले तर छक्की आणि तिर्री निघाली.

त्यांना मोठा पुठ्ठ्याचा पास दिला, हार घातला, फोटो काढले. एका फोटोत त्यांनी मलाही ओढून उभं केलं. पूर्णिमा माझ्याजवळ आली. तिने फक्त हात पुढे केला. मी त्यात फोन दिला.

परत येताना मी पुढे बसलो होतो, ती मागे. तलावाच्या कडेने गाडी हळूहळू चालली होती, रविवारची गर्दी, फुगेवाले. मागे पूर्णिमा माझ्या फोनमध्ये काहीतरी शोधत होती. ॲप काढताना ‘खरंच काढायचं का’ म्हणून विचारतं. तिने हो केलं असावं, कारण नंतर फोन माझ्या मांडीवर येऊन पडला.

“रूपालीले विचारतो,” विनायकराव म्हणाले, “आपण चौघंही जाऊ गोव्याले. तुमच्याबिगर मले तिथं काय समजते?” त्यांनी एका फुगेवाल्याला वाट दिली. मग म्हणाले, “यशोधनराव, एक विचारू का? राग नका मानू.”

“विचारा.”

“मोठा पत्ता तुमचा होता. मंग तुमी फेकले काहून?”

“हव,” मागून पूर्णिमा म्हणाली. हॉटेल सोडल्यापासून तिचं हे पहिलं वाक्य. “मलेही ऐकाचं आहे. काहून फेकले?”

माझ्याकडे सबबी खूप होत्या. डोकं दुखत होतं, एसी गार होता, मुलीने पत्ते नीट पिसले नव्हते. पण समोरच्या छोट्या आरशात पूर्णिमाचे डोळे होते आणि ते हलत नव्हते.

“मले वाटलं तुमच्यापाशी फुल हाउस आहे,” मी म्हणालो.

“ते काहून वाटलं पण?”

“तुम्ही घाबरले नाही म्हणून. तिसरं बदाम पडलं तरी नाही.” मी खिडकीबाहेर पाहत होतो. “मले वाटलं, तुम्हाले खेळ येते.”

विनायकरावांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. मागचा ऑटोवाला हॉर्न मारून, शिवी देऊन पुढे गेला. मला वाटलं आता ते खदखदून हसणार, आणि मी त्याची तयारी केली. ते हसले नाहीत.

“असं वाटलं तुमाले?”

“हव.”

“खरंच?”

“वाटलं म्हणून तर फेकले ना!” मी चिडून म्हणालो.

त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “सोळा वर्षं झाले आपल्याले साडू होऊन,” ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच लहान होता. “मी रूपालीले नेहमी म्हणतो, यशोधनराव हुशार आहे, पण मले बैलच समजते.”

“समजतेच,” पूर्णिमा मागून म्हणाली.

मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. विनायकरावांनी रुमालाने तोंड पुसलं, मग खिशातून फोन काढून रूपालीला लावला, आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. ती काही विचारायच्या आतच हे सुरू झाले.

“अवं, ऐक नं. यशोधनराव म्हणाले, मले खेळ येते! हव, माझ्याबद्दलच. तोंडानं म्हणाले. नाही नं, मजाक नाही. हे काय इथंच बसले आहेत, तूच विचार.”

गोव्याचं सांगायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला. तिकडे कुकरची शिट्टी होत होती. ती थांबल्यावर रूपालीचा आवाज आला, जरा जपून, जसं काही मी नाही म्हटलं तर ते आपल्यापाशीच ठेवायची तिची तयारी होती.

“भाऊजी, खरंच म्हणाले का तुम्ही असं?”

विनायकराव माझ्याकडे बघत होते. पूर्णिमाही बघत असणार.

“हव,” मी म्हणालो.